दुकानाची किल्ली कुणाच्या हाती?

'मी नसलो तर एक दिवसही चालायचे नाही,' हे वाक्य आपल्या समाजातील धंदेवाइकांच्या तोंडी वारंवार येते. बेकरीवाले, गॅरेजवाले, मंडपवाले, केटरिंगवाले, किराणा दुकानदार, सारे ते सारख्याच अभिमानाने उच्चारतात आणि ऐकणारेही कौतुकाने मान डोलावतात. या कौतुकात आम्हांला सहभागी होता येत नाही. वीस-पंचवीस वर्षे चालविलेला धंदा मालकावाचून आठ दिवस चालत नसेल, तर ती त्या धंद्यातील सर्वांत मोठी उणीव होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती उणीव आपण कर्तबगारी म्हणून मिरवितो आणि तिची किंमत घरच्यांना व नोकरांना मोजावयास लावतो. म्हणूनच हा विषय वाचकांपुढे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटले.

प्रत्येक धंदेवाइकाच्या मनात एक प्रवास दडलेला असतो. कुणाला काश्मीर पाहावयाचे असते, कुणाला लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी पत्नीला घेऊन लूर्डला जावयाचे असते, कुणाला रोमला. २०२५ हे जुबिली वर्ष असल्यामुळे रोमची ओढ विशेष होती. अशा प्रवासासाठी वर्षानुवर्षे आवर्ती ठेव भरली जाते, मुलांच्या परीक्षा, आईचे आजारपण, पावसाळ्यात गळणारे छप्पर या सर्वांतून वाट काढीत एकदाची तारीख ठरते. सामान बांधले जाते. पण त्या सामानात दुकानही बांधले जाते. ते खिशातल्या मोबाइलमध्ये मावते, एवढेच.

वसईतील एखाद्या बेकरीमालकाची कल्पना करू. उन्हाळ्यात रोमचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेतीन तास मागे असते. इकडे पहाटे चार वाजता पावाची पहिली पाटी बाहेर पडते तेव्हा रोममध्ये रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. भट्टीवाला विचारतो, मैदा उद्यापुरताच आहे, मागवू का? सहा वाजता दुकानाची फळी उघडते तेव्हा तिकडे अडीच वाजलेले असतात. गल्ल्यावरचा मुलगा विचारतो, अमक्या हॉटेलची उधारी वाढली आहे, माल देऊ की नको? दुसऱ्या दिवशी दुपारी संत पेत्राच्या महामंदिरात प्रवेश केल्यावर उजव्या हाताला मायकेलएंजेलोची 'पिएता' दिसते. मृत पुत्राला मांडीवर घेतलेल्या त्या मातेसमोर पत्नी हात जोडून उभी असते आणि पतिराज खांबाआड उभे राहून दिवसाचा गल्ला विचारीत असतात. घरी परतल्यावर त्यांना काय आठवावे? विमानाचे तिकीट, हॉटेलचा खर्च आणि मैद्याचा भाव.

या प्रवासात फसवणूक एकाची होत नाही. पत्नीला व मुलांना अर्धाच माणूस सोबतीला मिळतो. ज्या नोकराच्या हाती दुकान सोपविल्याचे सांगितले, त्याला दिवसातून दहा वेळा फोन करून आपण बजावतो की, तुझ्यावर आमचा भरवसा नाही. आणि स्वतः मालक? तो रोमला पोहोचतच नाही.

यावर आमचे धंदेवाईक बंधू म्हणतील, 'हे लिहिणे सोपे आहे. महिनाअखेर हाती पगार पडणाऱ्यांनी आम्हांला रजेचे धडे देऊ नयेत.' आक्षेप रास्त आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. कारखान्यात वा कचेरीत काम करणाऱ्याला कायदा रजा देतो. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०१७ पासून पन्नास वा त्याहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांवर, कामाच्या वेळेनंतर नोकरांनी फोन व संदेशांपासून मोकळे राहावे यासाठी त्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करण्याचे बंधन आले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. परंतु स्वतःच मालक असलेल्या माणसाला रजा देणारा कोण? त्याचा अर्जही तोच लिहिणार आणि नामंजूरही तोच करणार. म्हणूनच आम्ही म्हणतो की, मालकाची सुटी हा हौसेचा प्रश्न नसून निश्चयाचा आहे. जी गोष्ट दुसरे कुणीच देऊ शकत नाही, ती स्वतःला देण्याचे धैर्य अंगी बाणवावे लागते.

हे धैर्य खचविणारे आवाज आज फार मोठे झाले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची ९० तासांची अपेक्षा आणि नोकरांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याबद्दलची त्यांची खंत देशभर गाजली. ९० तासांना सहा दिवसांनी भागले तर दिवसाला १५ तास होतात. उरलेल्या नऊ तासांत झोपावे केव्हा, जेवावे केव्हा आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा केव्हा, याचे गणित कुणी मांडून दाखवीत नाही. मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाचे हे बोलणे आपल्या गल्लीतला दुकानदार ऐकतो आणि स्वतःच्या अखंड राबण्याला थोरामोठ्यांची साक्ष मिळाली, असे मानतो.

ज्या रविवारची ही खंत, तो रविवार या मुंबईत फुकट मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकात येथील गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली, रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाला ती मान्य करावी लागली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. ते सत्यशोधक होते. रविवार हा आमच्या उपासनेचा दिवस, तसाच तो खंडोबाचाही वार. ज्याला देवदर्शनाला जावयाचे त्याने जावे, ज्याला लेकराबाळांत बसावयाचे त्याने बसावे, पण त्या दिवशी त्याच्या वेळेवर मालकाचा हक्क नसावा, एवढेच त्या लढ्याचे सार होते. त्यानंतर वर्षभराच्या आत, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारूम' हे कामगारांविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. कामगाराच्या विश्रांतीचा हक्क त्यातही ठामपणे मांडलेला आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच पूर्वसुरींचे स्मरण केले.

आता आपण आपल्या धर्मग्रंथाकडे वळू; कारण येथे एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी येते, निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. ती कुणाला उद्देशून दिली आहे? ज्याला दास आहेत, दासी आहेत, ज्याच्या दावणीला बैल आहेत, ज्याच्या वेशीत परका राबतो आहे, त्याला. म्हणजेच ती मालकाला दिलेली आज्ञा आहे. तू थांब, आणि तू थांबलास की तुझ्यापायी राबणारे सारे थांबू देत, असा तिचा रोख आहे. निर्गमात तिचे कारण देवाच्या विसाव्यात सांगितले आहे. अनुवादात मात्र इस्राएलाला त्याच्या दास्याची आठवण करून दिली आहे. तूही एके काळी मिसरात दास होतास, हे विसरू नकोस. आमच्या धंदेवाईक बांधवांपैकी अनेकांनी कधी काळी दुसऱ्याच्या दुकानात पोते उचलले आहे, दुसऱ्याच्या गॅरेजात स्पॅनर पुसले आहेत. तेव्हा मालकाने रजा नाकारली की मनात काय येई, हे त्यांना आम्ही सांगावयास नको.

निर्गमाच्याच अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो याची कथा आहे. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे मिटवीत बसलेला त्याने पाहिला. मोशेला त्यात काही गैर वाटत नव्हते. लोक माझ्याकडे येतात, असेच त्याचे उत्तर होते. परंतु त्या वृद्ध माणसाने त्याला खडसावले की, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर भरवशाची माणसे नेम. लहान प्रकरणे त्यांनी सोडवावीत, अवघड तेवढी तुझ्याकडे यावीत. मोशेने ऐकले. जो मोशेला शक्य झाले, तो शहाणपणा पन्नास किलो मैद्याच्या हिशेबापुरता आपल्याला का साधू नये?

तो साधतो, याची उदाहरणे जगात आहेत. न्यूयॉर्कमधील स्टीफन साग्माइस्टर हे ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायात नावाजलेले गृहस्थ. ते दर सात वर्षांनी आपला स्टुडिओ एक वर्ष बंद ठेवीत. त्या वर्षात गिऱ्हाइकांची कामे घेत नसत. अशा एका वर्षात ते बाली बेटावर जाऊन राहिले होते. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातील सातव्या वर्षी पडीक ठेवावयाच्या शेताची येथे आठवण व्हावी. जमिनीलाही विसावा लागतो, हे आमच्या शेतकरी पूर्वजांना कुणी शिकवावे लागले नव्हते. अर्थात, एक वर्ष दुकान बंद ठेवा, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. न्यूयॉर्कच्या नामांकित कलावंताला जे परवडते ते पापडीच्या किराणा दुकानदाराला परवडत नाही.

म्हणून दुसरे उदाहरण पावाचेच घेऊ. पॅरिसमधील बेकरीवाले उन्हाळ्यात दीर्घ सुटीवर जातात. सर्वांनी एकदम दुकाने बंद केली तर शहराने खावे काय? पावाच्या टंचाईने राज्ये कशी हादरतात, हे त्या शहराने राज्यक्रांतीत पाहिले होते. तेव्हा त्या काळापासून चालत आलेल्या नियमांनुसार बेकऱ्यांचे दोन गट पाडले जात. एकाने जुलैत सुटी घ्यावी, दुसऱ्याने ऑगस्टमध्ये. बंद दुकानाच्या दारावर, जवळची कोणती बेकरी उघडी आहे, हेही लिहावे लागे. २०१५ च्या उन्हाळ्यापासून हे सरकारी बंधन उठले. पण त्यातील शहाणपण पाहा: बेकरीवालाही सुटीवर गेला आणि गिऱ्हाईकही उपाशी राहिले नाही. स्वतःच्या बंद दारावर प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहिण्याएवढे मन मात्र मोठे करावे लागले.

आपल्याकडे हे मन नव्हते काय? शेतीत सावड होती. आज तुझ्या शेतात लावणी, उद्या माझ्या. बैल तुझे, माणसे माझी. पैशांवाचून पेरणी पार पडे. १९१८ साली वसईतील कॅथलिक मंडळींनी सहकारी पतपेढी उभारली, तिची पुढे बँक झाली. तिच्या मुळाशीही सावडच होती. ज्यांच्या पूर्वजांनी बैल आणि पैसा सावडीने वापरला, त्यांना सुटी सावडीने घेता येऊ नये, हे आम्हांला पटत नाही. एका धर्मग्रामात चार बेकऱ्या असतील, तर वर्षातून आठ दिवस प्रत्येकाने आपल्या पाळीने बंद ठेवावे आणि इतर तिघांनी त्याची गिऱ्हाइके सांभाळून, त्याच्या परतीनंतर त्याच्याकडे पाठवावीत. गिऱ्हाईक तुटेल ही भीती एकट्याची असते. चौघांनी वाटून घेतली की तिची व्यवस्था होते.

ज्यांना दुकान बंद ठेवावयाचे नाही, सोपवून जावयाचे आहे, त्यांनी सोपविणे म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे. किल्ली देऊन अधिकार न देणे म्हणजे सोपविणे नव्हे. अमुक रकमेपर्यंतची खरेदी न विचारता कर, अमुक गिऱ्हाइकाला अमुक हजारांपर्यंत उधारी दे, हे कागदावर लिहून द्यावे. आजच्या काळात खरी किल्ली लोखंडाची राहिलेली नाही. ती ओटीपीच्या रूपाने मालकाच्या मोबाइलवर येते. जीएसटीचे दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला २० तारीख चुकवून चालत नाही, आणि नोकरांचा पगार सात तारखेच्या आत व्हावयास हवा. तेव्हा बँकेत दुसऱ्या सहीची सोय, जीएसटीसाठी दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता, ही कामे प्रवासाच्या चार महिने आधी उरकावीत. आधी एक दिवस, मग तीन दिवस, मग आठवडा, अशी रंगीत तालीम करावी. जे त्या तालमीत बिघडेल ते दुरुस्त करावे; दुकानाचे खरे आरोग्य त्यातूनच कळते. हंगामही पाहावा. उपवासकाळात आपल्याकडे लग्ने लागत नाहीत. मंडपवाल्याला आणि केटरिंगवाल्याला देवाने दिलेली ही मोकळीक आहे. आणि निघताना फोन घरच्या एका जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावा. आग, अपघात किंवा मृत्यू याखेरीज प्रवासातल्या मालकापर्यंत निरोप जाऊ नये.

'एवढे करूनही चूक झाली, नुकसान झाले तर?' होईल. हजार-दोन हजारांचे होईल, कदाचित पाच हजारांचेही होईल. मालक स्वतः गल्ल्यावर असताना आजवर नुकसान झालेच नाही काय? आम्ही तर म्हणू की, मुलाच्या हाती दुकान देताना झालेले नुकसान ही त्याच्या शिक्षणाची फी समजावी. तीस वर्षांचा मुलगा दुकानात उभा राहतो, पण भाव सांगण्यापूर्वी बापाच्या तोंडाकडे पाहतो, असे चित्र आपल्याकडे दुर्मीळ नाही. मग तोच मुलगा आखातात किंवा परदेशी जहाजावर नोकरी धरतो आणि बाप हळहळतो की, नव्या पिढीला धंद्याची आवड नाही. आवड कशी असावी? ज्या झाडाच्या सावलीत दुसरे रोप वाढूच दिले नाही, त्या झाडाने एकटेपणाची तक्रार करू नये.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मालकाच्या सुटीचे आम्ही एवढे गोडवे गातो. पण ती कुणाच्या जिवावर? दुकान आठ दिवस बंद आणि नोकरांचा आठ दिवसांचा पगार कापला, असे होत असेल, तर अशा यात्रेचे पुण्य आम्हांला मान्य नाही. उत्तर प्रदेशातून आलेल्या भट्टीवाल्यालाही एक स्वप्नातला प्रवास आहे. तो रोमचा नाही. तो त्याच्या गावचा आहे, जिथे त्याची मुले त्याला फोटोवरून ओळखतात. महाराष्ट्रातला जुना, १९४८ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा दुकानालाच आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावयास लावी. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. पण नोकराच्या आठवडी सुटीचा आणि भरपगारी रजेचा नियम ठेवला. पूर्वी फळी बंद झाली की मालकही आपोआप घरी जाई. आता फळी बंद होत नाही, म्हणून मालकाने स्वतः थांबावयास शिकले पाहिजे आणि नोकराची सुटी मोजूनमापून त्याच्या पदरात घातली पाहिजे. दुकान किती नोकरांचे, कायदा त्याला लागू होतो की नाही, हे प्रश्न वकिलाने विचारावेत. ख्रिस्ती मालकाला अनुवादाचा पाचवा अध्याय लागू होतोच.

सुटीत आपला फोन बंद ठेवणाऱ्या मालकाने रविवारी नोकराला फोन करू नये. स्वतः आठ दिवस जाणाऱ्याने भट्टीवाल्याचे गावचे तिकीट आधी काढावे. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्यांदा नोकरांच्या रजा लिहाव्यात, मग स्वतःची. आणि ज्याच्यापाशी नोकर नाही, पतपेढीत ठेव नाही, ज्याची हातगाडी एक दिवस थांबली तर चूल थांबते, त्याला मात्र आम्ही उपदेश करणार नाही. त्याची सुटी हा शेजाऱ्यांच्या सावडीचा प्रश्न आहे. त्याच्या आठ दिवसांसाठी धर्मग्रामाच्या पतसंस्थेने व संघटनांनी छोटी आवर्ती ठेव योजना काढावी, असे आम्ही सुचवितो.

वाचकहो, यंदा धर्मग्रामातील व्यापारी बांधवांची बैठक भरेल तेव्हा कर्ज, गाळा आणि परवाना या विषयांबरोबर आणखी एक विषय पुढे ठेवा. प्रत्येकाने आपल्या सुटीचे आठ दिवस, त्या दिवसांत किल्ली सांभाळणाऱ्याचे नाव आणि आपल्या प्रत्येक नोकराच्या रजेची तारीख एका कागदावर लिहून द्यावी. ज्याला पहिल्या दोन रकान्यांत काही लिहिता येत नाही, त्याने आपला धंदा तपासावा. ज्याला तिसऱ्या रकान्यात काही लिहावेसे वाटत नाही, त्याने रोमचे तिकीट काढण्यापूर्वी आपला विवेक तपासावा.